ठेकेदाराकडून शहर बस परत घेताना: खानदेशातल्या एका शहराचं प्रकरण

या प्रकरणातलं शहर कागदावरचं आहे. मार्ग आणि चौक जळगावचे घेतले, कारण नकाशा डोळ्यासमोर असल्याशिवाय बसचा हिशेब कळत नाही. ठेकेदार, पालिका, तारखा आणि रुपयांचे आकडे मात्र नमुन्यादाखल धरलेले आहेत, ते कुठल्याही एका शहराचे नाहीत. कायद्याची कलमं, केंद्राच्या योजना आणि इतर शहरांचे दाखले खरे आहेत.

परिस्थिती

साडेचार लाख वस्तीचं शहर. महापालिकेने २५ मिडी (मध्यम आकाराच्या) बसचा ठेका दहा वर्षांसाठी दिलेला. गाड्या ठेकेदाराच्या, डिझेल त्याचं, चालक-वाहक त्याचे आणि तिकिटाचा पैसाही त्याचाच. पालिकेला मिळायचे दर गाडीमागे महिन्याला ३,००० रुपये रॉयल्टी, म्हणजे वर्षाला नऊ लाख. निविदा उघडली त्या दिवशी सभागृहात बाकं वाजली होती: बससेवाही मिळाली आणि वर उत्पन्नही.

सहाव्या वर्षी चित्र असं. २५ पैकी ११ गाड्या रस्त्यावर. स्टेशन ते अजिंठा चौफुली आणि पुढे एमआयडीसी हा भरणा असलेला मार्ग चालू, पिंप्राळा आणि मेहरूणच्या फेऱ्या दुपारनंतर गायब. रात्री आठनंतर एकही गाडी नाही. कामगारांचे दोन महिन्यांचे पगार थकलेले, पीएफ कापलेला पण भरलेला नाही. ठेकेदाराचं म्हणणं, डिझेल वाढलं आणि भाडेवाढ मिळाली नाही. पालिकेचं म्हणणं, रॉयल्टी थकली म्हणून नोटीस काढू. दोघंही आपापल्या कागदापुरते खरे होते, आणि प्रवासी पॅजोमध्ये, म्हणजे तीनचाकी रिक्षात, पाय बाहेर काढून बसला होता.

रॉयल्टी येत कुठून होती

हा हिशेब निविदेच्या आधी मांडायला हवा होता. २५ गाड्यांपैकी २२ रोज शेड्युलवर, तीन राखीव. शहरातल्या गर्दीत, दोन फेऱ्यांमधल्या सुट्टीच्या मिनिटांसह तासाला १३ किलोमीटरच्या आसपास वेग पडतो, म्हणून दोन पाळ्यांत गाडी १८० किलोमीटर धावेल असं धरू. महिन्याला झाले १,१८,८०० किलोमीटर.

डिझेल ९२ रुपये आणि लिटरला पाच किलोमीटर धरले, तर किलोमीटरमागे १८.४० रुपये नुसत्या इंधनाचे. माणसांचा हिशेब बहुतेक ठिकाणी इथेच चुकतो. एका गाडीला दोन पाळ्या म्हणून दोन चालक पुरत नाहीत. साप्ताहिक सुट्टीमुळे प्रत्येक ड्युटीला सात भागिले सहा माणसं लागतात, त्यावर रजा आणि गैरहजेरीचे दहा टक्के, म्हणजे गाडीमागे २.६ चालक आणि तेवढेच वाहक. २२ शेड्युलला ५७ आणि ५७. पीएफ, विम्यासह चालकाला २२,००० आणि वाहकाला १९,००० धरले की किलोमीटरला १९.७० रुपये. वर्कशॉप, नियंत्रक आणि डेपोची माणसं ४.२०. टायर आणि स्पेअर ५. इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग, तिकीट मशीन ३. गाडीची किंमत व्याजासह वाटली तर ७. बेरीज ५७.३० रुपये.

उत्पन्न? गाडीत दिवसाला ४५० प्रवासी आणि सरासरी तिकीट १३ रुपये, म्हणजे ५,८५० रुपये. किलोमीटरला ३२.५०. तूट २४.८०, महिन्याला साडेएकोणतीस लाख, वर्षाला साडेतीन कोटी.

वर्षाला साडेतीन कोटींची तूट असलेल्या धंद्यातून ठेकेदार नऊ लाख रॉयल्टी देतो म्हटल्यावर विचारायचा प्रश्न एकच: तो काय कापतोय? उत्तर गाडीत बसलं की दिसतं. किमान वेतनापेक्षा कमी पगार, १८० ऐवजी १०० किलोमीटर, फक्त भरलेल्या मार्गावर फेऱ्या, पुढच्या एक्सललाही रिमोल्ड (झिजलेल्यावर नवा थर चढवलेले) टायर, आणि पासिंगची मुदत संपलेल्या गाड्या. मागच्या चाकांना रिमोल्ड चालतं, पुढे कधीच नाही. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ च्या वर जातो, हायवेच्या डांबरावर पुढचा रिमोल्ड सुटला की स्टीअरिंग हातात राहत नाही. पालिकेच्या फाईलीत मात्र ही सेवा 'स्वयंनिर्भर' होती.

कोणते पर्याय होते

नवा ठेकेदार, जुनाच करार: हा पर्याय सभागृहाला सर्वांत आवडतो आणि चार वर्षांनी परत तिथेच आणून सोडतो.

एसटीला देणं: नाशिकची शहर सेवा एसटीनेच वर्षानुवर्षं चालवली, तोटा वाढत गेला तशी ती आवरती घेतली आणि ८ जुलै २०२१ ला महापालिकेच्या कंपनीची सिटीलिंक सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरात जानेवारी २०१९ पासून स्मार्ट सिटीच्या गाड्यांवर एसटीचे चालक-वाहक होते. २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप झाला तेव्हा ती सेवाही त्यात अडकली. एसटीला कारभार येतो यात वाद नाही, पण तिची पहिली काळजी तालुक्याची गाडी असते, शहरातला चौक नव्हे.

पालिकेचा स्वतःचा परिवहन उपक्रम: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात याची सोय पहिल्यापासून आहे. कलम २५ खाली परिवहन समिती, कलम ४० खाली परिवहन व्यवस्थापक, आणि उपक्रमाचं वेगळं अंदाजपत्रक. समितीवर नगरसेवकच असावा लागतो असं नाही. वाहतूक, अभियांत्रिकी, अर्थकारण, कामगार प्रश्न यांतला अनुभव असलेली माणसं घेता येतात. प्रत्यक्षात या खुर्च्या नाराजांची सोय लावायला वापरल्या जातात, ती गोष्ट वेगळी.

चौथा पर्याय किलोमीटरच्या दराने गाडी भाड्याने घेण्याचा. गाडी आणि चालक कंपनीचा, वेळापत्रक, वाहक आणि गल्ला पालिकेचा. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा याच पद्धतीची आहे: १०,००० गाड्या, २०११ च्या जनगणनेनुसार तीन ते चाळीस लाखांची शहरं, आणि केंद्राची मदत किलोमीटरमागे १२ मीटर गाडीला २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०. लोकसंख्येच्या या अटीत खानदेशातली जळगाव आणि धुळे बसतात. भुसावळ, नंदुरबार बसत नाहीत. आपली तूट २४.८० आणि मदत २२, हे आकडे शेजारी ठेवले की योजनेचं महत्त्व कळतं. फक्त मदतीला मुदत आहे, तुटीला नाही.

या शहराने दोन टप्प्यांचा निर्णय घेतला. आधी उपक्रम उभारून जुन्यांपैकी चालण्याजोग्या गाड्या स्वतः चालवायच्या, ई-बस आल्या की त्यांना त्याच वेळापत्रकात आणि त्याच गल्ल्यात बसवायचं. 'सार्वजनिक' हा शब्द गाडीच्या आरसी बुकाला लावायचा की गल्ल्याला, यावर सभागृहात बराच वेळ गेला. आमच्या मते गाडी कुणाचीही असो, तिकिटाचा पैसा आणि फेरीची वेळ ज्याच्या हातात, सेवा त्याची.

करार कसा मोडावा

पहिली चूक होता होता राहिली ती इथे. महासभेत तडकाफडकी ठेका रद्द करण्याचा ठराव तयार होता. तो झाला असता तर दुसऱ्या दिवशी शहरात शून्य गाड्या असत्या आणि लवादात पहिला प्रश्न आला असता: दोष कुणाचा?

दिल्लीची विमानतळ मेट्रो याचं ठळक उदाहरण. खासगी कंपनीने २०१२ मध्ये करार मोडल्याची नोटीस दिली आणि १ जुलै २०१३ पासून मार्गिका दिल्ली मेट्रोने चालवायला घेतली. गाड्या थांबल्या नाहीत, कारण घेणाऱ्याकडे चालवण्याची यंत्रणा तयार होती. पण दोषाचा वाद २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने दिला, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, व्याजासह रक्कम सात हजार कोटींच्या वर गेली, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. सेवा एका दिवसात हातात आली, हिशेब अकरा वर्षं चालला. तेवढी वर्षं वकील पोसण्याची ऐपत आपल्याकडच्या पालिकेत नाही.

म्हणून ठरावाआधी तीन महिने पुरावा गोळा केला. प्रत्येक मार्गावर पालिकेचा एक माणूस वेळेची वही घेऊन उभा: ठरलेली फेरी, सुटलेली फेरी, गाडी नंबर. रोजच्या पानावर ठेकेदाराच्या नियंत्रकाचीही सही. तो सही नाकारेल तेव्हा तसा शेरा आणि दोन साक्षीदार. मग करारात सांगितलेल्या पत्त्यावर, सांगितलेल्या मुदतीची सुधारणा-नोटीस. ती मुदत संपल्यावरच समाप्तीची नोटीस. मधली एक पायरी चुकली तरी दोष पालिकेकडे सरकतो.

रॉयल्टीच्या करारात आणखी एक गोची आहे, ती आधी कुणाच्या लक्षात येत नाही. किलोमीटरच्या करारात पालिका ठेकेदाराला बिल देते, म्हणून ते रोखता येतं. इथे पालिका त्याला काहीच देत नाही. हातात फक्त अनामत, आणि ती होती २५ लाख. थकलेल्या पगाराची आणि पीएफची बेरीज त्याच्या वर जात होती. ठेकेदाराने बुडवलेल्या वेतनाची जबाबदारी मूळ मालक म्हणून पालिकेवर येते, त्यामुळे हा खड्डा पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात दाखवावा लागला.

गाड्यांचा पंचनामा

२५ गाड्या ठरलेल्या किमतीत घ्यायच्या असं करारात होतं. आरटीओचा निरीक्षक, पालिकेचा यंत्र अभियंता आणि ठेकेदाराचा माणूस अशा तिघांनी गाडी उभी करून पाहिली. चेसीस नंबर आरसीशी जुळतो का, इंजिन बदललं असेल तर नोंद आहे का, पट्ट्यांच्या स्प्रिंगमधलं पान तुटलंय का, मागच्या दाराच्या पायरीखालचा पत्रा गंजलाय का. पायरीचा पत्रा हातोडीने ठोकून बघावा. रंगाखाली भोक असतं.

१४ गाड्या दुरुस्तीजोग्या निघाल्या. त्यातल्या नऊ गाड्यांच्या आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा होता. बोजा उतरल्याचा नमुना ३५ आल्याशिवाय नमुना २९ आणि ३० वर मालकी बदलत नाही. शिवाय थकलेला टॅक्स आणि ई-चलनं. म्हणून किंमत ठेकेदाराच्या हातात न देता आधी फायनान्स कंपनी, मग टॅक्स आणि चलनं, उरलेलं थकीत पगाराकडे वळवायचं असा पालिका, ठेकेदार आणि फायनान्स कंपनी या तिघांचा लेखी करार केला. हे न करता धनादेश दिला की गाडी पालिकेची आणि कर्जही पालिकेच्या दारात.

परमिट हा वेगळाच विषय. टप्पा वाहतुकीचं, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी घेण्याचं परमिट ठेकेदाराच्या नावे असेल तर गाडी घेतली म्हणून परमिट येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८२ नुसार हस्तांतराला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते. प्राधिकरणाची बैठक काही रोज होत नाही, तेव्हा अर्ज समाप्तीच्या नोटिशीबरोबरच गेला पाहिजे. भाड्याचे टप्पेही तिथेच मंजूर होतात. विद्यापीठाचा मार्ग बांभोरीला गिरणा ओलांडून हद्दीबाहेर जातो. तिथे एसटीच्या अधिसूचित (तिच्यासाठी राखलेल्या) मार्गाचा प्रश्न येतो, म्हणून एसटीच्या विभाग नियंत्रकांची लेखी संमती आधी.

डेपो

ठेकेदाराचा डेपो भाड्याच्या जागेत होता, तो त्याच्याबरोबर गेला. पालिकेने गावाबाहेरची स्वतःची जागा सुचवली: फुकट, पण पहिल्या थांब्यापासून नऊ किलोमीटर. २२ गाड्या सकाळी जाणार, रात्री येणार: रोज ३९६ रिकामे किलोमीटर, म्हणजे एकूण धावेच्या बरोब्बर दहा टक्के. इंधन आणि टायर मिळून किलोमीटरला २३.४० रुपये, महिन्याला पावणेतीन लाखांच्या वर. पाळी बदलायला गाडी डेपोत आणली तर दुप्पट. शेवटी शहरातली अडीच एकर जागा घेतली आणि पाळी स्टेशनवरच बदलायची ठरवली.

ई-बससाठी याच जागेत विजेचा विचार आधी करावा लागतो. किलोमीटरला साधारण एक युनिट, म्हणजे रोज चार हजार युनिट. गळतीसह रात्रीच्या सहा तासांत भरायचे तर सातशे किलोवॅटच्या पुढे मागणी. उच्चदाब जोडणी, रोहित्र आणि महावितरणची मंजुरी यांना महिने लागतात. गाड्या आल्या आणि वीज नाही, असं होऊ द्यायचं नसेल तर अर्ज गाड्यांच्या करारपत्राआधी हवा.

माणसं आणि गल्ला

जुने चालक-वाहक घ्यावेत की नाही यावर दोन मतं होती. घेतले, कारण मार्ग त्यांना पाठ होता आणि रस्त्यावर उतरून गाड्या अडवण्याची ताकदही त्यांच्यातच होती. अट तीन कागदांची: प्रवासी वाहनाचा बॅज, वाहकाचा परवाना, डोळ्यांची तपासणी. नेमणूक ठरावीक मुदतीची, पगार थेट खात्यात. माणसं पुरवणारा मधला ठेकेदार ठेवायचा नाही हेही ठरलं. नाशिकला सिटीलिंकमध्ये पगार थकले म्हणून वाहकांनी अनेकदा काम बंद ठेवलं, आणि शिव्या पालिकेनेच खाल्ल्या.

गल्ल्याची शिस्त पहिल्या रात्रीपासून लावावी लागते. वाहक मशीन टेबलावर ठेवतो, रोखपाल वेबिल, म्हणजे पाळीतल्या तिकीटविक्रीचा हिशेब, काढतो. वेबिलवर ३,४१२, पिशवीत ३,३८०. बत्तीस रुपये कमी, पगारातून वळते, सही. पुढचा वाहक, वेबिलवर २,९६०, पिशवीत ३,१५०. तो म्हणतो, "मशीन बंद पडी गयं व्हतं भाऊ." नवख्या रोखपालाला जादा पैसे आले म्हणून बरं वाटतं, तिथेच चूक होते. कमी पडलेले बत्तीस सुट्ट्यांच्या गडबडीत जातात. जादाचे १९० म्हणजे पैसे घेऊन तिकीट न दिलेले दहा-पंधरा प्रवासी, तेही पिशवीतून बाजूला काढायचे राहून गेले म्हणून दिसले. जादाची नोंद लाल शाईत आणि दुसऱ्या दिवशी त्या मार्गावर लाईन चेकिंग, म्हणजे वाटेत गाडीत चढून तिकिटांची तपासणी. मशीन खरंच बंद पडतं, म्हणून प्रत्येक वाहकाकडे शिक्क्याची छापील तिकिटं असावीत आणि त्यांचे नंबर वेबिलवर.

सुरुवात

जूनच्या मध्याला शाळा उघडतात, पासच्या रांगा लागतात, तेव्हा नको. मे महिन्यात गर्दी कमी असते, पण रेडिएटर आणि टायर दोन्ही दगा देतात. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा नोव्हेंबर धरला. सगळे मार्ग एकाच सकाळी घेतले नाहीत: पहिल्या आठवड्यात स्टेशन–एमआयडीसीवर सहा गाड्या, मग खोटेनगर–विद्यापीठ, मग पिंप्राळा आणि मेहरूण. तोवर उरलेल्या मार्गांवर ठेकेदाराच्या गाड्या चालू राहाव्यात म्हणून अनामतीतला हिस्सा टप्प्याटप्प्याने मोकळा करायचं ठरलं होतं. चौदा गाड्यांना पहिल्या तीन महिन्यांसाठी स्टोअरमध्ये २० टायर, ब्रेक लायनरचे १२ संच, क्लच प्लेट ३, सेल्फ आणि अल्टरनेटर दोन-दोन, रेडिएटरचे होस १० आणि बॅटऱ्या ८ आधी भरल्या. खरेदी पालिकेच्या नेहमीच्या निविदेने करायची तर पंख्याच्या पट्ट्यासाठी गाडी दीड महिना उभी राहते; म्हणून परिवहन व्यवस्थापकाला ठरावीक मर्यादेपर्यंत थेट खरेदीचा अधिकार ठरावातच दिला.

काय बिघडलं

पहिला गोंधळ पासचा. ठेकेदाराने विद्यार्थ्यांकडून तीन-तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले होते. ते पास नाकारले तर पहिल्याच दिवशी कॉलेजची पोरं गाडीसमोर. स्वीकारले तर फुकट प्रवास. जुना पास डेपोत दाखवून उरलेल्या मुदतीचा नवा पास द्यायचा आणि प्रत्येकाची रक्कम अनामतीच्या हिशेबात लिहायची, हा मार्ग काढला. जुन्या पासची यादी ठेकेदाराकडून ताब्याआधीच घ्यायला हवी होती. ती न घेतल्याने बनावट पासही बदलले गेले.

दुसरा गोंधळ सवलतींचा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. त्याची भरपाई शासन एसटीला देतं. पालिकेच्या गाडीला ती आपोआप लागू होत नाही, पण दारात उभ्या आजीला हे कोण सांगणार? रोज वाहकांशी भांडणं झाली. शेवटी सवलतीचा फलक दाराच्या आतल्या बाजूला, चढताना दिसेल असा लावला आणि ज्येष्ठांना अर्धं तिकीट पालिकेच्या खर्चाने दिलं. तूट किलोमीटरला दीड रुपयाने वाढली.

तिसरा, मागोवा घेणारं यंत्र. गाड्यांतल्या जीपीएसचं सिमकार्ड आणि वर्गणी ठेकेदाराच्या नावे होती. ताब्याच्या मध्यरात्री पडदा कोरा झाला, जुना डेटाही गेला, आणि लवादात लागणाऱ्या फेऱ्यांचा तो सर्वांत पक्का पुरावा होता. हातात राहिल्या त्या सही केलेल्या वेळेच्या वह्या. समाप्तीच्या नोटिशीआधी डेटाची प्रत मागायचं कलम करारात होतं, वाचलं कुणी नव्हतं.

रिक्षावाल्यांशी संघर्ष होईल असं सगळ्यांना वाटत होतं, तो फारसा झाला नाही. इच्छादेवी चौक आणि अजिंठा चौफुलीला बसथांबा रिक्षाथांब्याच्या पुढे पन्नास मीटरवर सरकवला, आतल्या वस्त्यांतून हायवेपर्यंतची सवारी रिक्षांकडेच राहिली.

तीन महिन्यांनी १४ पैकी १२ गाड्या रोज सुटत होत्या, किलोमीटरला उत्पन्न ३० रुपये, भारमान (गाडी किती भरते ते) सकाळी चांगलं आणि दुपारी दीड ते चार रिकामं. दुपारच्या फेऱ्या कापाव्यात असा प्रस्ताव समितीपुढे आला. त्याऐवजी त्या वेळेत चार गाड्या पासिंग-दुरुस्तीसाठी आत घ्यायच्या आणि मेहरूणची शेवटची फेरी रात्री साडेनऊपर्यंत लांबवायची ठरली. ठेकेदाराचा लवादाचा दावा चौथ्या महिन्यात आला. उत्तराला वेळेच्या वह्यांच्या ९१ पानांच्या प्रती जोडल्या आहेत.